साहेब जमिनीवर बसला

बापू, तुम्ही गेल्यानंतर तांड्याचं नायकपण कुणाला तुमच्यासारखं जमलं नाही. हे ऐकायला तुम्हाला आवडेल म्हणून आधी सांगून टाकते. परवा तांड्यात बैठक झाली आणि तुम्ही नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. कारण आरोपी साता समुद्रापलीकडचा होता.

तुमच्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, डोळ्यांचं तुम्हाला ठाऊक नाही. कापसावर फवारताना औषध उडालं, तेव्हापासून तो माणसं आवाजावरून ओळखतो. दुकानदारानं इथल्या कंपनीकडे बोट दाखवलं, इथल्या कंपनीनं परदेशातल्या थोरल्या कंपनीकडे, आणि थोरली म्हणाली, ते औषध आमचं नव्हेच. शेवटी एका वकीलबाईंनी तिकडच्या देशात तक्रार लावली. वर्षांमागून वर्षं गेली, तेव्हा कुठे तिकडचा मोठा साहेब लॅपटॉपवरून आमच्याशी बोलायला राजी झाला. धाकट्याचं म्हणणं एकच होतं, "त्यानं एकडाव आमचं हाय म्हणावं. पुढचं पुढं पाहू."

तुमची बैठक मला अजून दिसते. मी शाळकरी आहे. ऊसतोडीच्या मुकादमाला तुम्ही बुडालेल्या मजुरीच्या हिशेबासाठी लिंबाखाली बोलावलंय. तो जीपमधून उतरतो, रिकाम्या खाटेकडे बघतो, तुम्ही मातीकडे बोट दाखवता. तो रुमाल अंथरतो, तुम्ही रुमालही काढायला लावता. "जमिनीवर बसल्याबिगर माणूस खरं बोलत न्हाई." मला हसू येतं आणि तुम्ही डोळे वटारता. "हसायचं न्हाई. त्यो बी माणूसच हाय." मग तो खरं बोलला, तेव्हा तुम्हीच हात देऊन त्याला खाटेवर घेतलं आणि चहा पाजला.

परवा वायर आखूड पडली, असं मी वकीलबाईंना सांगितलं आणि लॅपटॉप लिंबाखाली मातीवर ठेवला. म्हातारी मंडळी भोवतीच्या खाटांवर बसली आणि "बराबर" म्हणून माना हलवू लागली. साहेब टाय लावून आला होता. त्याला आमचे गुडघे आणि वरचा लिंबाचा पाला एवढंच दिसत असावं. कॅमेरा जरा वर घ्याल का, असं त्यानं दुभाष्याकरवी विचारलं.

"घेऊ की," तुमची बहीण, म्हणजे आमची आत्या, दुभाष्याला कळावं म्हणून तांड्याची बोली सोडून मराठीत म्हणाली. "आधी सांग, औषध तुझं हाय का न्हाई?"

साहेब पुष्कळ बोलला. कंपनीला तुमच्या तकलिफीची जाणीव आहे, अभ्यास सुरू आहे, असं दुभाष्यानं सांगितलं.

"ह्या वयात अभ्यास काहून करून राहिला?" आत्या म्हणाली. "नापास झाला होता काय?"

साहेबाशेजारचा वकील बोलू लागला, तर आत्यानं त्यालाही गप्प केलं. ज्याला विचारलं त्यानंच बोलायचं, ही तुमचीच रीत. तेवढ्यात आमची शेळी आली आणि साहेबाच्या तोंडावरून जीभ फिरवून गेली. मला हसू आवरेना, पण तुमचे डोळे आठवले. मी पदरानं साहेबाचं तोंड पुसलं.

मग धाकटा आवाजाच्या रोखानं वाकला. "साहेब, मला तुमी दिसत न्हाई. नुसता आवाज येतो. तेवढं एक सांगा."

साहेबानं वकिलाकडे पाहिलं, मग मान खाली घातली. शेवटी तो अगदी थोडकं बोलला आणि दुभाष्यानं सांगितलं, "औषध आमचंच आहे, म्हणतात."

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत्यानं खूण केली तशी मी लॅपटॉप उचलून खाटेवर ठेवला आणि तिनं त्याच्यापुढे चहाची कपबशी आणून ठेवली. साहेब त्या कपाकडे बघतच राहिला.

प्रकरण संपलेलं नाही. त्या एका वाक्यावर आता तिकडचं कोर्ट आपलं ऐकून घेईल, असं वकीलबाई म्हणतात. पुढच्या वेळी लांब वायर आणा, अशी ताकीदही त्यांनी दिली आहे. हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. वायर लांबच होती, बापू. खाटेपर्यंत पुरून उरली असती.