टपावरचं ऊन

३१ मार्च, मंगळवार

सगळ्यायच्या आधी आली ते बेबीताई! गाडी अजून फाटकातून पुरी आत शिरली नव्हती, अन् ही शेजारीण तिच्या स्लॅबवर उभी, पदर कमरेले खोचून. "पार्बताबाई, तुमच्या इथं टेंपोत बिऱ्हाड उतरून राहिलं का व?" मंग तिची सून आली, मंग अख्खी गल्ली. पाव्हणे राहिले बाजूले, लोकं गाडीच पाहून राहिले.

नितेश आला, माया पोरीचा पोरगा, पुण्याहून. संगं बायको, प्रणाली. गाडीत काय नाई! पलंग, शेगडी, फ्रीज. बेबीताईनं एक दार उघडलं त आत संडास! "बाई बाई, चालत्या गाडीत!" अन् असं झटकन लावून घेतलं, जसं आत कोणी बसलंच होतं.

पण नितेश काई मिरवाले आला नाई. जेवता जेवता ह्यायले म्हणाला, "आबाजी, तुमाले लीलाआजीकडे अकोल्याले नेतो. मशीनसकट."

ह्यायचा घास हातातच राहिला.

१ एप्रिल

ह्यायच्या फुप्फुसात दम राहिला नाई. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनची मशीन. ते लाईनीवर चालते. लाईन गेली का बारकं सिलिंडर लावतो, पण ते लवकर सरते. म्हणून दोन वर्सं झाली, हे उंबऱ्याबाहेर गेले नाईत. डॉक्टर सुद्धा घरीच येते.

अन् तिकडं लीलाबाई, ह्यायची थोरली बहीण, खुब्याचं हाड मोडून खाटेवर. रोज फोन. "किसन्या, कवा येतं?" हे म्हणतात, "येतो ना व बाई." दोघायलेही माहीत, कोणी येत नाई. फोन ठेवला का हे भिंतीकडे तोंड करून पडतात. मी मंग उगाच भांडे वाजवते.

त नितेशनं काय केलं, गाडीत मोठ्ठी ब्याटरी बसवली. टपावर काळ्या काचा, सोलरच्या. ऊन पडलं का ब्याटरी भरते, ब्याटरीवर मशीन चालते. गाडी पळो का उभी राहो!

हे मले म्हणाले, "मधात बंद पडली त? बडनेऱ्याच्या पुलावर मले पदरानं वारा घालशील का?"

नितेश म्हणे, "आधी इथं आंगणात चालवून दाखवतो. पटलं त बसा."

"दाखव बाप्पा."

पण येता येता ए.सी. लावून लावून ब्याटरी रिकामी झालेली. घराच्या प्लगात वायर लावली, त गाडीतला लाल दिवा नुसता डोळे मिचकावे. नितेश म्हणे, "आजी, तुमच्या लाईनीत दमच नाई. ब्याटरी घेतच नाई ते." सगळ्यायच्या पाण्याच्या मोटारी चालू असतात ना बाबा यावेळी! म्हटलं, "आमी त तिच्यावरच जगून राहिलो."

मंग ठरलं, उन्हावरच भरू. आमच्या इथं उन्हाची काय कमी?

२ एप्रिल

आज बेबीताईचे अन् माये गहू निघाले. तीन दिवस भिजवले होते, चीक मोठा पांढराशुभ्र पडला. कुरोड्या घातल्या. दरवर्षी स्लॅबवर घालतो, पण धूळ किती! अन् कबुतरं. त बेबीताईलेच सुचलं. गाडी तिच्या स्लॅबले लागूनच उभी आहे, हात पोचते. टप कसा सपाट, काचेवाणी, अन् तापलेला! धुतलेलं लुगडं हातरलं अन् घाणा त्याच्यावरच घातला. स्लॅबवर दोन दिवस लागतात, इथं दुपारीच कडक! सांजच्याले गोळा केल्या. मोडली एकही नाई.

पोराचं डोकं मोठं चालते. अशी गाडी दर गावात एक पाहिजे.

३ एप्रिल

आज पाह्यलं चालवून. प्रणालीनं गाडीतल्या पलंगावर दोन उशा रचल्या, ह्यायले निजवलं, मशीन गाडीच्या प्लगात लावली. चालली! हे छताकडे पाहत होते. मी म्हटलं, "कसं वाटते?" म्हणाले, "लग्नातल्या छकड्यापेक्षा बरं आहे." मले हासू आलं.

अन् मंग गाडीनं शिट्टी मारली. टीं टीं टीं, अन् मशीन बंद. धावत जाऊन सिलिंडर लावलं.

हे उठले, नळी हातात धरली, पायऱ्या उतरले. नितेशकडे पाहून एकच म्हणाले, "पाह्यलं?"

रात्री जेवले नाईत.

४ एप्रिल

नितेश दिवसभर गाडीच्या पोटात. तारा उसवल्या, पुन्हा लावल्या. फ्यूज बदलला. पुण्याच्या दोस्ताले फोन. "सकाळी बरोबर घेते यार, मंग एकदम पडते." घामानं निथळून गेला लेकरू. भुईवर बसूनच जेवला.

प्रणालीनं मले समजावून सांगितलं. मी चौथी शिकलेली, पण समजलं. ब्याटरी म्हणजे रांजण. ऊन रांजण भरते, आपण उपसतो. मी म्हटलं, मंग ए.सी. म्हणजे म्हैस, एका दमात रांजण पिऊन टाकते. फ्रीज म्हणजे बकरी. अन् ह्यायची मशीन वासरू, थोडं थोडं पण दिवसभर पिते. प्रणाली म्हणे, "अगदी बरोबर आजी! म्हैस बाहेरच बांधायची." पुण्याची आहे पण गोड आहे पोरगी. भाकर मात्र थापता येत नाई, जगाचा नकाशा होते तिची.

ह्यायनं ऐकलं मात्र, खाटेवरून.

आमचा दुसरा घाणाही वाळला.

५ एप्रिल, रविवार

काय सांगू! लिवता लिवता हासू येऊन राहिलं, अन् लाजही.

सकाळी प्रणाली मोबाईलात पाहे. त्याच्यात दिसते म्हणे, ऊन किती आत येऊन राहिलं. "आजी, रोज दहा वाजले की ऊन जातं कुठे? ढग तर एक नाही!" मी पण वर पाहिलं. आभाळ कसं रखरखीत.

तेवढ्यात वानर आलं. मोठं, काळ्या तोंडाचं, धपकन गाडीच्या टपावर! बेबीताई ओरडली, "कुरोड्या! मेल्या, माया कुरोड्या!" नितेश काठी घेऊन तिच्या स्लॅबवर पळाला. वानर गेलं. नितेश मात्र खाली येईना. मी हाक मारली, "काय रे, चावलं का?"

वरून आवाज आला. हळू. "आजी... हे कधीपासून?"

"काय?"

"हे लुगडं."

मंग खालीच बसला तो स्लॅबवर. मले वाटलं चक्कर आली. त तो हासून राहिला, डोळ्यातून पाणी काढत! "आजी, सूर्य तुमच्या कुरोड्या वाळवून राहिला, अन् मी खाली तारा उसवून राहिलो!"

त्या काळ्या काचाच ऊन पितात म्हणे. आमी त्यायच्या तोंडावरच लुगडं हातरलं! सकाळी तो वर चढून पाहे तवा काई नाई, सांजेले पाहे तवा काई नाई. मधात आमी.

बेबीताईनं हार मानली नाई. "सांगाव लागते ना बाबा! आमाले काय माहीत का वरतं काच नाई, तोंड आहे!"

पण ह्यायचं मन मोडलं ते माया कुरोड्यायनं. आत जाऊन सांगितलं. ह्यायनं भिंतीकडून तोंड फिरवलं. मंग म्हणाले, "म्हणजे गाडीत खोट नाई?"

"नाई. खोट मायात आहे."

"ते त मले लग्नापासून माहीत आहे."

बेबीताईनं अन् मी काचा पुसून काढल्या. चिकाचा एक डाग ठेवला नाई.

६ एप्रिल

काल दुपारपासून काचा उघड्या, रांजण भरला. आज जेवण झाल्यावर हे आपणहून गाडीत जाऊन निजले. मशीन लावली. चार वाजले, पाच वाजले. बेबीताई येऊन उभी राहिली, देवाच्या दारात उभी राहते तशी. दिवेलागण झाली. शिट्टी नाई!

लीलाबाईचा फोन वाजला. ह्यायनं मले हातानं थांबवलं. "नको उचलू. उद्या तोंडानंच बोलीन."

७ एप्रिल

निघालो! मोझरी मागं राहिली, अमरावती गेली, बडनेऱ्याचा पूल गेला. पुलावर ह्यायनं माया हात धरला, पूल सरल्यावर सोडला. जसं काई झालंच नाई.

मूर्तिजापूरच्या आधी शिट्टी! टीं टीं. माया जीव नळीत अडकला. हे मात्र उठून बसले अन् गरजले, "बकरी कोणी सोडली?" प्रणालीनं पाहिलं, खरंच, ताक थंड कराले फ्रीज चालू ठेवला होता, अन् संगं चहाची किटलीही लावली होती. दोन्ही बंद केलं. शिट्टी गेली. हे म्हणे, "मी नसतो त तुमी काय केलं असतं?" नितेश गाडी चालवता चालवता हासे.

अकोल्यात लीलाबाईच्या खाटेजवळ खुर्ची ठेवली, मशीन तिथंच लावली. तिनं ह्यायच्या नाकातली नळी पाहिली. मले वाटलं आता रडते. त म्हणाली,

"किसन्या, नाकात वेसण घातली का रे तुया?"

"तुया भावजईनं घातली."

मंग दोघंही हासले, अन् मंग रडले. मी अन् प्रणाली भाईर येऊन बसलो.

८ एप्रिल

आज परत निघालो. लीलाबाईनं खाटेवरूनच ह्यायचा हात धरून ठेवला. "आता कवा येतं?" मी म्हणणार होती, पाहू. दोन वर्सं झाली, हे सांजच्या भाजीचं इचारलं तरी म्हणतात, "जित्ता राहिलो त खाईन."

ह्यायनं कोणाले इचारलं नाई, माया तोंडाकडे पाहिलं नाई. म्हणाले, "भाऊबीजेले. अनारसे करून ठेव."