आषाढातलं तळं

हैदराबाद, १२ नोव्हेंबर २००३

बाबा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून साधनाचा नमस्कार.

तुमची चिठ्ठी काल भेटली. आई आषाढात गेली आणि तुमी मले आता कार्तिकात सांगता?

मी बरी आहे, जेवून राह्यली. काळजी करू नका.

माझं विमानाच्या टायटॅनियमचं काम जमलं. हा धातू भट्टीत लालभडक करून ओढला तं किती ताणते, ते कॉम्प्युटरवर आधीच सांगाचं होतं. कितीक दिवस जुळत नव्हतं, परवा जुळलं. सर खूश झाले. उन्हाळ्यात आईले हेच समजावून सांगितलं, तं म्हणे, "ओल्या जाळ्यावानी ताणते म्हण ना!" परवा सगळ्यात आधी तिलेच सांगाचं मनात आलं.

फोन केला का दरवेळी भूपेश म्हणे, "ताई, आई तळ्यावर गेली, मासोळ्या आणाले." आषाढ-श्रावणात तळ्यात मासोळीचं बी सोडतात, तवा कोणी जाळं टाकत नाई. ढिवराची पोरगी असून मले हे सुचलं नाई, बाबा. माझ्या अभ्यासासाठी तुमी खोटं बोलले, मी रागावू तरी कोणावर?

भूपेशले सांगा, ताई रागावली नाई. तुमी भात वेळेवर खाता का? आईची मासोळीची टोपली कोणाले देऊ नका.

रविवारी फोन करीन. आई कुठी आहे म्हणून विचारीन, तं एकडाव तळ्यावर गेली म्हणजा. आता तं जाळं टाकाचे दिवस आहेत.

तुमची पोरगी,
साधना