‘व्यवसाय आढळून आला नाही’ हा शेरा रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
ग्रामीण गृहउद्योग साहाय्य कक्ष,
पवनी तालुका शाखा, जि. भंडारा.

अर्जदार: सौ. ज्योत्सना योगेंद्र सेलोकर, रा. अड्याळ, ता. पवनी.

विषय: माझा चालू असलेला व्यवसाय कागदोपत्री नाहीसा केल्याबद्दल हरकत व फेरपाहणीची मागणी.

संदर्भ: आपले निरीक्षक श्री. चंद्रकुमार यांचा स्थळपाहणी अहवाल, दि. २२ जुलै २०२५.

महोदय,

१. मी घरून ऑनलाइन माहिती शोधून देण्याचा व्यवसाय करते. ग्राहक प्रश्न पाठवतो. मी जुनी वर्तमानपत्रे, सरकारी संकेतस्थळे, कंपन्यांच्या नोंदी, कोर्टाचे निकाल धुंडाळते, एका ठिकाणी सापडलेले दुसरीकडे ताडून पाहते, अहवाल लिहून देते व त्याचे पैसे घेते. चिखल्याचे तुलारामजी, खाणीतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलाला परदेशी नोकरीवर पाठवण्यासाठी प्लॉट विकायला निघाले होते. ज्या एजन्सीला पैसे भरायचे, तिच्या पत्त्यावर मिठाईचे दुकान आहे, एवढे मी त्यांना दाखवले. प्लॉट जागेवर आहे, मुलगाही. आता पुण्याची एक प्रकाशन संस्था मला वर्षभराचे काम देत आहे; अट एकच, आपल्या कक्षाचे व्यवसाय पडताळणी प्रमाणपत्र या महिनाअखेरपर्यंत द्यावे. मी त्यासाठीच अर्ज केला होता. कर्ज मागितलेले नाही, अनुदानही नाही.

२. त्यावर झालेल्या पाहणीचा अहवाल असा आहे: “यंत्रसामग्री, कच्चा माल व तयार माल आढळून आला नाही. अर्जदार खाटेवर बसलेल्या आढळल्या. घरातील ज्येष्ठ सदस्याने अर्जदार काहीही करीत नसल्याचे सांगितले. सबब, व्यवसाय आढळून आला नाही.”

३. यंत्रसामग्रीबाबत: निरीक्षक साहेबांना बसायला जागा हवी होती. त्यांनी माझा लॅपटॉप स्वतःच्या हाताने उचलून धानाच्या पोत्यावर ठेवला व खाटेवर बसले. म्हणजे यंत्रसामग्री आढळली, उचलली, हलवली आणि त्यानंतर आढळून आली नाही. कच्चा माल म्हणजे माझ्या धंद्यात लोकांचे प्रश्न. तो त्या दिवशी साहेबांनीच पुरवला. मुलीसाठी पाहिलेल्या फार्मसी कॉलेजला या वर्षी मान्यता आहे काय, असे त्यांनी मला विचारले. चहा उकळेपर्यंत मी शोधून दिले. नाही, असे निघाले. साहेबांनी ते डायरीत उतरवून घेतले. तयार माल साहेब खिशात घालून घेऊन गेल्यावर घरात काय आढळणार? कॉलेजचे नाव येथे लिहीत नाही, कारण ग्राहकाची गोष्ट बाहेर न सांगणे हाही माझ्या व्यवसायाचा भाग आहे.

४. ज्येष्ठ सदस्य म्हणजे माझ्या सासूबाई, सखाबाई. त्यांचे शब्द असे होते: “काई नाई करत जी साहेब. बसूनच तं राह्यते दिवसभर.”

हे वाक्य खरे धरण्याआधी आपल्या निरीक्षकांनी कोणत्याही पानठेल्यावर विचारायला हवे होते. कागद घेऊन आलेल्या सरकारी माणसाला ‘आमच्या घरी अमुक कमावते’ असे सांगण्याची आमच्याकडे पद्धतच नाही. राशन बंद होईल, ही भीती. गेल्या पशुगणनेला शेजारच्या गिरजाबाईंनी आपल्याकडे एकही शेळी नसल्याचे सांगितले, तेव्हा त्यांची शेळी गणना करणाऱ्या गुरुजींच्या पिशवीतले कागद खात होती. गुरुजींनी शून्य लिहिले व उरलेले कागद घेऊन गेले. आमच्या गावात कोणाच्याच घरी कोणी काही करीत नाही, आणि चुली सगळ्यांच्या पेटतात.

मी सासूबाईंना म्हटले की, रोज संध्याकाळी ‘बंद कर आता तुहं ऑफिस’ म्हणून तुम्हीच हाक मारता, मग साहेबांपुढे ते ऑफिस कुठे गेले? त्या म्हणाल्या, “सरकारी मानसाले कोनी खरं सांगते काय वं? तुह्या एका कागदापायी साऱ्या घराचं राशन घालवतं काय?” त्यांची भीती खोटी नाही, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. डोळ्यांसमोरचे सोडून कानावरचे लिहून घेणाऱ्याला देते.

५. या अहवालाबाबत विचारायला मी आपल्या कार्यालयात आले असता लिपिक मंगलाबाई यांनी आपुलकीने सुचवले की, अर्जात ‘पापड’ लिहा, प्रमाणपत्र लगेच निघते. माझे पती भातगिरणीत कामाला आहेत. त्यांनाही ते पटले. म्हणाले, “लिहून टाक ना पापड. कोन खाऊन पाह्यते?”

महोदय, कोणी खाऊन पाहत नाही हे खरे आहे. आमच्या आळीत पापडाचे तीन व्यवसाय आपल्या कक्षाने पडताळलेले आहेत. एका यंत्रावर गोधड्या वाळतात. दुसऱ्यावर कोंबडी अंड्यावर बसते. तिसरे अजून खोक्यात आहे. तेथे व्यवसाय आढळून आला. मी नावे देणार नाही, मला त्याच आळीत राहायचे आहे. परंतु माहिती शोधणे हाच माझा धंदा आहे, हे आपण ध्यानात असू द्यावे. या विषयावर अद्याप कोणी ग्राहक आलेला नाही, इतकेच. पुण्याची संस्था मला काम देत आहे ती मी तपासल्याशिवाय ओळ लिहीत नाही म्हणून. तिला मी पापडाचे प्रमाणपत्र कोणत्या तोंडाने पाठवू?

६. तरी सदर शेरा रद्द करून महिनाअखेरच्या आत फेरपाहणी व्हावी. येणाऱ्या अधिकाऱ्यांनी हवा तो प्रश्न सोबत आणावा, मी त्यांच्यासमोर काम करून दाखवीन. शेरा कायम ठेवायचा असल्यास कारण लेखी द्यावे. बसून काम करणे ही अपात्रता असेल तर तो नियम दाखवावा. मग तो कोणकोणत्या कार्यालयांना लागू होतो, तेही पाहता येईल.

७. राशनचे मी घरात स्पष्ट सांगितले आहे. नियमाने जेवढे मिळेल तेवढे घेऊ, मिळकत लपवून काम करणार नाही. त्यानंतर सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. काल मी दारावर ‘ज्योत्सना माहिती शोध केंद्र’ अशी पाटी लावायला घेतली. एका हाताने पाटी धरून दुसऱ्या हाताने खिळा ठोकता येईना. सासूबाई ओसरीवरून बराच वेळ पाहत होत्या. मग उठल्या, माझ्या हातातला हातोडा घेतला, स्टुलावर चढल्या आणि म्हणाल्या, “वाकडी नोको धरू. साहेब आला तं रस्त्यावरूनच दिसली पायजे.”

खिळा त्यांनी ठोकला आहे.

आपली नम्र व सध्या कामात असलेली,

(सही)
सौ. ज्योत्सना योगेंद्र सेलोकर

ठिकाण: अड्याळ
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५

सोबत:
१) स्थळपाहणी अहवालाची प्रत
२) पुण्याच्या संस्थेचे पत्र
३) दोन अहवालांचे नमुने, ग्राहकांची नावे झाकून
४) पाटीचा फोटो, रस्त्यावरून काढलेला