देवी आज येणार न्हाई

आवो,

भाकरी टोपल्यात झाकून ठिवली हाय. तुमच्या बहिणीला, साळूला, संगं घेऊन मी कापूस येचायला चालले. आज शुक्रवार, पर माझ्या अंगात देवी येणार न्हाई. पहाटंच भाकरी आन शेंगा खाऊन मी उपास मोडला.

रागावू नका, आधी ऐका. उपासाला दुपार कलली की मला घाम फुटतो, हात कापतेत, देवापुढच्या दिव्याच्या दोन ज्योती दिसतेत. बायांचं बोलणं हिरीच्या तळातून आल्यावानी लांबून येतं. पाण्यावर तरंगून राह्यले आसं वाटतं, लई हलकं. माघारी यावंसंच वाटत न्हाई. मंग बाया तोंडात गूळ घालतेत. घटकाभर बरं वाटतं, आन पुन्हा दुप्पट घेरी येती. त्या म्हणतेत, देवी परसन झाली. मागं दोन शुक्रवारी मी गुपचूप खाल्लं, तर देवी आलीच न्हाई.

गेल्या खेपेला देवी आली तवा त्या घेरीतच आत्याबाईनं, तुमच्या आईनं, साळूच्या लग्नाचं इचारलं. मी म्हणे बद्रीनाथाच्या स्थळाला हो म्हणाले. त्या बिजवराला, तुमच्याहून थोरल्या माणसाला! मला बिलकुल याद न्हाई. आज आत्याबाई देवीला तिथी इचारणार हाईत.

तुमीच त्यांना थांबवा. मी उपाशीपोटी बरळले तर समदं घर पाया पडतं. आज तुमी शिकवलेल्या अक्षरात, भरल्या पोटी लिवून राह्यले. एकदा माझंबी ऐका.