रविवारचं पान

२० ऑगस्ट १९८३, नेपरव्हिल

आलो एकदाचे! घर आमचं झालं. हे म्हणतात बँकेचं आहे, पण किल्ली माझ्या कमरेला आहे, तेव्हा माझं. इतकी वर्षं त्या अपार्टमेंटात काढली. वरच्याचे बूट ऐकायचे नि खालचीची फोडणीच्या वासाची तक्रार ऐकायची. आता मोहरी तडतडवेन नाहीतर अख्खं घर तडतडवेन, कोण बोलतं ते बघते.

ही वही ह्यांनी दिली. घरात काय मोडलं नि कधी दुरुस्त केलं ते लिहून ठेवत जा म्हणाले. म्हटलं, मी चौथी पास, इंजिनियर तुम्ही, नि लिहायचं मी? तर म्हणे, माझे हात सदा घाण असणार. ते खरं होणार असं दिसतंय. ट्रकमधलं सामान उतरायच्या आधीच हे हत्यारांच्या दुकानात जाऊन पाने, करवती नि एक ड्रिल घेऊन आले. ह्या घरात मिस्त्रीचं पाऊल पडायचं नाही म्हणे. अमेरिकन माणूस आपलं घर आपण दुरुस्त करतो. अमेरिकन माणसाला बायको काय म्हणते ते कुणी सांगत नाही.

स्वयंपाकघर झकास. सिंकवर खिडकी, खिडकीतून मागचं अंगण, त्यात मेपलचं झाड. आणि सिंकच्या भोकात एक मशीन आहे. खरकटं ढकलायचं, पाणी सोडायचं, भिंतीवरचं बटण दाबायचं. करकर करकर, सगळं दळून पाइपातून गेलं. उत्तरानं दाखवलं मला. आमची मुलगी, चौदाची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. मी कलिंगडाची सालं घातली, गेली. मक्याची कणसं घातली, अडकली. ह्यांनी पहिली दुरुस्ती केली. लिहिलं बाई.

४ सप्टेंबर

हॉलमधला वॉलपेपर काढायला घेतला. खाली दुसरा वॉलपेपर. त्याच्या खाली तिसरा, त्यावर बदकं. त्याच्या खाली पिवळा गोंद, शेंबडासारखा. हे कोमट पाण्यानं भिजवतात नि मी खरवडते. नखात गेलाय, निघत नाही, जेवताना बोटांना वास येतो. शी.

संडासाची टाकी गळत होती. ह्यांनी दुरुस्त केली. आता गळत नाही, वाहते.

१८ सप्टेंबर

छपराची पन्हाळ साफ केली. म्हणजे हे शिडीवर, मी शिडी धरून खाली, नि वरचं सगळं माझ्या डोक्यावर. कुजलेली पानं, काळा चिखल, आणि एक मेलेली खार. चपटी झालेली, शेपूट तेवढी झुपकेदार. ह्यांनी ती न बघता फेकली नि माझ्या मानेवर पडली. मी किंचाळले ते शेजारच्या डोरिसबाईनं खिडकी उघडून विचारलं, ओके का म्हणून. म्हटलं, नो ओके. दोनदा अंघोळ केली.

संध्याकाळी हे भिंतीला लावायच्या निळ्या रंगाच्या ट्रेमध्ये पाय देऊन तसेच टीव्हीपर्यंत चालत गेले. गालिच्यावर निळी पावलं. उत्तरा हसून हसून लोळली. मीही हसले, पण हे बघत नसताना.

९ ऑक्टोबर, रविवार

आज पितरांचं पान केलं. सर्वपित्री गुरुवारी होऊन गेली, पण गुरुवारी ह्यांना ऑफिस, उत्तराला शाळा. इथं सगळे सण रविवारीच येतात. मंडळाचा गणपतीसुद्धा रविवारची वाट बघत बसतो, मग पितरांनी थांबायला काय झालं? खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं केलं. सकाळपासून उभी, पायाचे तुकडे पडले.

पान मागच्या अंगणात ठेवलं. एक कावळा आला, तारेवर बसला, मान वाकडी करून बघितलं नि उडून गेला. मग खारीनं वडा पळवला. मग डोरिसबाई कुंपणाशी आली. गोड हसत म्हणाली की अन्न बाहेर टाकलं की रकून नावाचं जनावर येतं, मागं मेल्यानं तिची कचऱ्याची पेटी फोडली होती. हे आतून ओरडले, अगं भूक लागली, ठेव ना कुठंही, त्यांना काय अमेरिकेतली दारं माहीत नाहीत? मला आला राग. पान उचललं, आत आणलं, सिंकवर धरलं. म्हटलं, जे कोणी उपाशी असाल त्यांनी या, जेवा, नि मला मोकळं करा. सगळं भोकात ढकललं नि बटण दाबलं.

नेहमी मशीन करकरतं. आज करकरलं नाही. मचमच आवाज आला. दात नसलेलं माणूस वाटी तोंडाला लावून खातं ना, तसा. शेवटी एक ढेकर. मी हसत सुटले. ह्यांना म्हटलं, पोचलं हो पोचलं, बसा आता जेवायला.

१२ ऑक्टोबर

सिंकमध्ये घाण वर आली. भात. आज मी भात केलाच नव्हता. मशीन दळतं तेव्हा पीठ होतं, हा भात चावलेला होता. शितं अर्धी अर्धी, मधून लाळेच्या तारा. पेल्यानं उपसला, तारा तुटेनात. फिनेल ओतलं. वास जात नाही. आजारी माणसाच्या तोंडाचा वास येतो ना, सकाळचा, तो.

१५ ऑक्टोबर

ह्यांनी सिंकखालचा वाकडा पाइप उघडला. खाली बादली ठेवली. पाइपातून केसांचा बोळा निघाला. पांढरे केस, हातभर लांब, तेलकट. घरात पांढरे केस माझे, ते कानाच्या वर चार. हे म्हणाले, आधीच्या घरमालकाचे असतील. मग आपण दोन महिने भांडी घासली ती काय ह्या केसांवरून? बोळ्यावर दुधाच्या सायीसारखं काहीतरी होतं. मी चिमट्यानं उचललं, बोटाला लागलं. कोमट होतं.

पाइप परत लावताना ह्यांचं बोट कापलं. रक्त टपटप पाइपातच पडलं. आणि काय सांगू, नळ सोडला तर पाणी सरसर गेलं. वास नाही, काही नाही. हे पाच फूट सहा इंचाचे एकदम सहा फूट झाले. बघितलंस, मिस्त्री लागला का?

दुरुस्त, असं लिही म्हणाले. लिहिलं.

१९ ऑक्टोबर

परत. आता बाथटबमध्येसुद्धा. उत्तरा अंघोळीला गेली नि पाय घातला तो खिरीत. माझीच खीर, वेलदोडा घातलेली, दहा दिवसांपूर्वीची. आंबलेली, बुडबुडे येत होते, नि त्यात नखं. कापलेली नाहीत. उपटलेली, मुळासकट. पोरीनं ग्रोस ग्रोस, म्हणजे घाण घाण, म्हणून घर डोक्यावर घेतलं. ती आता शाळेत अंघोळ करते. मी रबरी मोजे घालून नखं वेचली. काय करायचं त्यांचं? पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. हातमोजेही टाकले.

माझं जेवण सुटलंय. घास तोंडात घेतला की वाटतं, आधी कुणी चावलाय.

२२ ऑक्टोबर

मालिनीताईंना फोन केला. त्या इथं आमच्या खूप आधी आलेल्या, नागपूरच्या, दवाखान्यात काम करतात, भूतखेत काही मानत नाहीत. आधी खूप हसल्या. म्हणाल्या, तुझ्या मिस्टरांना सांग, यार, एक प्लंबर कॉल करा नि हेडेक संपवा. मग मी रविवारच्या पानाचं सांगितलं नि त्यांनी तारीख विचारली.

म्हणाल्या, अगं, अमावस्येला पितर परत जातात. गुरुवारी गेले तुझे. शुक्रवारी घट बसले. रविवारी तू कुणाला जेवायला बोलावलंस?

म्हटलं, उपाशी असतील त्यांना.

म्हणाल्या, ज्यांना घर असतं ते गेले होते गं. मागं कोण राहिलं होतं?

मी फोन ठेवला.

२५ ऑक्टोबर

हे ऑफिसातून आले की कोट काढतात नि सिंकखाली शिरतात. मी नुसते पाय बघते, काळे मोजे. काय करता विचारलं तर म्हणतात, ॲडजस्ट करतोय. हाताला नवी पट्टी. घासटलं म्हणाले. आज झोपले असताना मी पट्टी सोडली. घासटलेलं नाही. बोटाची टोकं पांढरी फटक, सुरकुतलेली, चोखल्यासारखी. गोल गोल वळ. दात नाहीत. हिरड्यांचे वळ.

हे खाली जाऊन आले की सिंक स्वच्छ. हे म्हणतात, बघ कसं सुंदर चाललंय.

मला कळलं, बोटं कुणाच्या तोंडात देतायत ते. पण ह्यांना सांगायचं कसं?

२९ ऑक्टोबर

सांगितलं. हसले नाहीत, रागावले नाहीत, ते वाईट. इंजिनियर माणूस, म्हणाला, त्यांना थोडंच लागतं गं. त्यांना!

प्लंबरला फोन केला. माझं इंग्रजी त्याला कळेना. ह्यांनी फोन हातातून घेतला, एव्हरीथिंग फाइन म्हणाले नि ठेवून दिला. मग मला म्हणाले, ह्या घरात बाहेरचा माणूस नको. पंचवीस वर्षांत माझ्याशी कधी असं थंड बोलले नाहीत.

तोंडाला तोच वास येतोय. ह्यांच्या.

२ नोव्हेंबर

उत्तराला मालिनीताईंकडे सोडलं. तू पण चल म्हणाल्या. ह्यांना सोडून? ह्या माणसानं मला, चौथी पास बाईला, कधी चारचौघांत खाली बघायला लावलं नाही. घर गेलं खड्ड्यात. हे पाहिजेत मला.

मालिनीताई म्हणाल्या, शुक्रवारी अमावस्या आहे. ह्या वेळी दिवस चुकवू नकोस. पान बाहेर ठेव, जेवलात आता जा म्हण. भूतखेत न मानणारी बाई, म्हणताना रडत होती.

तळघरात जाऊन मशीनची वीज बंद केली. वर आले. चालू होतं. मचमच—

३ नोव्हेंबर

ह्यांच्या तळहाताची साल निघाली. सबंध. मोज्यासारखी. टेबलावर ठेवली होती. मी रबरी मोजा म्हणून उचलायला गेले नि—

शी. शी. शी.

दुखत नाही म्हणतात. खुशीत आहेत.

४ नोव्हेंबर, दुपार

दिवाळी. कंदील नाही, काही नाही. पान केलं. बाहेर नेऊन ठेवलं, डोरिसबाई काय म्हणायचं ते म्हणो. हात जोडले. म्हटलं, जेवा नि जा.

कावळा आला! लगेच. खिरीत चोच घातली, वडा उचलला. दुसरा आला. मी रडले, डोरिसबाईसमोर रडले. सुटलो.

आत धावले—

मशीन चालू आहे. हे ओट्याशी उभे. हात कोपरापर्यंत भोकात.

बाहेर जेवले ते आमचे. आत आहेत ते आमचे नाहीतच. आमच्या पानानं ते कशाला जातील—

ओढलं. कमरेला विळखा घालून ओढलं. येत नाही. रक्त नाही. थेंब नाही. मचमच नुसती.

म्हटलं, अडकला का हो. अडकला नाही म्हणाले. धरलाय.

फोन लावला. पोलिसांची बाई बोलते, मी बोलते, तिला कळत नाही. स्लो म्हणते. फोन खाली ठेवलाय, ती आहे अजून. लिहून वाचून दाखवते. चुकायला नको—

प्लीज कम. माय हजबंड. हॅण्ड इन सिंक.

नॉट मशीन. मशीन नो पॉवर.

धरलाय ला काय म्हणतात— उत्तरा असती तर— होल्ड. होल्ड.

सम-बडी होल्ड हिम. इन साइड.

दुसरा हात घालतायत. अहो. अहो, नका. हसतायत. म्हणतात, तू पण ये, जागा आहे, पान तर तूच वाढलं होतंस, तुझ्याच हातचं मागतायत—

प्लीज कम. क्विक. टू हॅण्ड नाऊ. अँड दे आर कॉलिंग माय ने