न उघडलेली बाटली

सोमवार, ३ मार्च

शाळेच्या आवारातली शेवटची बोअर मारून झाली. बोअर मारणाऱ्याला आम्ही सगळे भोकपाड्या म्हणतो, तोही रागावत नाही. दोन गल्ल्या वर ड्रायक्लीनिंगचं जुनं दुकान आहे. तिथलं रसायन जमिनीत मुरून शाळेच्या पाण्यात उतरलंय का, एवढंच मला शोधायचंय. उतरलं असेल तर दुकानाला सील. दुकानवाले काका आणि त्यांची मुलगी, दोघांचं पोट त्या एका गाळ्यावर.

आणि काका मला बघून तोंड फिरवत नाहीत! इस्त्रीच्या टेबलाशी जागा करून देतात. "बसा मॅडम, तुमचंही काम आहे." मला माणूस आवडला. आवडायला नको होता, पण आवडला.

गुरुवार, ६ मार्च

पाण्याचे नमुने घेतले — दुकानाच्या मागच्या अंगणातून, गल्लीतून, शाळेतून. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत. सोबत नेहमीप्रमाणे 'पाहुणी'. म्हणजे प्रयोगशाळेनेच शुद्ध पाणी भरून, बूच घट्ट लावून दिलेली बाटली. ती उघडायची नाही, नुसती फिरवून परत न्यायची. वाटेत काही भानगड झाली नाही, याची साक्षीदार. आमचे साहेब तिला फुकटी प्रवासी म्हणतात.

निघताना नवऱ्याचा कोट घेतला, सोमवारी इथेच धुवायला टाकला होता. भाचीच्या लग्नात तेल सांडलं होतं त्यावर. काकांनी स्वतः आणून गाडीत टांगला. "डाग शोधून दाखवा," म्हणाले. नाही सापडला. पैसे घेईनात. बळेच दिले. मी तपासाला आलेय, माहेरी नाही.

मंगळवार, ११ मार्च

तिन्ही ठिकाणच्या पाण्यात सापडलं, शाळेच्याही. थोडंच आहे, पण आहे. शाळेने नळ बंद केले. साहेब म्हणाले, "झालं तर मग. सीलचं पत्र तयार कर."

काकांना फोन करायचा धीर झाला नाही.

बुधवार, १२ मार्च

निकाल पुन्हा वाचला. पाहुणीतही तेच रसायन!

जी कुणी उघडलीच नाही, तिच्यात? साहेब म्हणतात, प्रयोगशाळेची चूक असेल, पराचा कावळा करू नकोस. मी करणार. डोकं भणभणतंय, आणि खरं सांगायचं तर मजा येतेय. पत्र थांबवा म्हटलं. थांबवलं, पण तोंड वाकडं करून.

शुक्रवार, १४ मार्च

दिवसभर वास घेत फिरले. पेटी हुंगली. बुचं हुंगली. भोकपाड्याचे हातमोजेसुद्धा हुंगले. तो म्हणाला, "मॅडम, बरं वाटतंय ना?" कशालाच वास नाही.

घरी येऊन कपाट उघडलं आणि तिथेच थबकले. कोट! त्या दिवशी तो बरोबर पेटीवर लोंबत होता. गाडीच्या काचा बंद. बाहेर रणरणतं ऊन.

पण घट्ट बुचातून वास आत शिरतो? शिरत असेल, तर शाळेच्या बाटलीतही तोच शिरला असणार. म्हणजे काकांनी मन लावून धुतलेला कोटच त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊन आला.

शनिवार, १५ मार्च

शुद्ध पाण्याच्या दोन बाटल्या मागून आणल्या. एक कपाटात कोटाशेजारी, दुसरी फ्रिजमध्ये. सासूबाईंनी शाल काढायला कपाट उघडलं. "काय गं, कपड्यांना तहान लागली का?" सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढं डोकं घरात वापरलंस तर!"

फ्रिजमधल्या बाटलीवर चिठ्ठी डकवली. नाहीतर नवरा पिऊन मोकळा होईल.

गुरुवार, २० मार्च

कपाटातल्या बाटलीत आहे. फ्रिजमधल्या बाटलीत नाही.

ऑफिसात एकटीच हसत बसले.

शुक्रवार, २१ मार्च

सगळीकडून पुन्हा नमुने. काचा उघड्या, कोट घरी. काका दारात उभे राहून बघत होते. दाढी वाढलीये. मुलगी म्हणाली, "बाबा जेवत नाहीत नीट." हातात निकाल नसताना काय सांगणार?

मंगळवार, २५ मार्च

शाळा स्वच्छ. गल्ली स्वच्छ. दुकानाचं अंगणही स्वच्छ!

साहेब खूश. फाईल बंद करायला निघाले. मीही खूश, उद्या सकाळी आधी काकांकडेच जाणार. पण एक किडा डोक्यात वळवळतोय. इतकी वर्षं हे रसायन वापरणारं दुकान, आणि अंगणात एक थेंब नाही? वापरून काळं झालेलं रसायन कुठेतरी टाकावंच लागतं. मग काका ते टाकत कुठे असतील? साहेब म्हणाले, "बाई, आता तरी गप्प बस." बसेन. नुसतं सहज विचारून बघेन.

बुधवार, २६ मार्च

विचारावं लागलंच नाही.

निकाल सांगितला. काका टेबलावर डोकं टेकून रडले. मलाही भरून आलं, लपवलं नाही. मग डोळे पुसत ते मुलीला म्हणाले, "बघ, म्हणजे आता या टेबलाखालची विहीर उघडायला नको."

मुलगी इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. काकांना कळलं, आपण काय बोलून गेलो ते. माझ्या नकाशात तिथे विहीर नाही. त्याच फरशीवर बसून मी इतके दिवस गप्पा मारत होते.

काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "किती खोल आहे, काका?"