जुबेदाचा नॉर्मल रिपोर्ट

मंगळवार, ऑगस्ट १९८७, रत्नागिरी

हात भरून आलेत, तरी लिहिते.

दाभोळची जुबेदा, दम्याची पेशंट, सकाळपासून धापा टाकत होती. दुपारी श्वास संथ झाला. तिची आई म्हणाली, "बाय, आता बरी दिसते. निजू दे तिला."

तेवढ्यात धमनीतल्या रक्ताचा रिपोर्ट आला. सकाळी धापा टाकून टाकून कार्बन डायऑक्साइड फार कमी झाला होता, आता नॉर्मल. ज्युनियर डॉक्टर खूश, "मॅडम, सुधारली!"

मी ओरडलेच, "अहो, ती दमलीय! आता तिच्याने श्वास ओढवत नाही, वायू आत साठत चाललाय, म्हणून नॉर्मल दिसतोय."

पुन्हा रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता घशात नळी घातली. श्वासाचं मशीन इथे कुठलं? आळीपाळीने हातानेच नळीला जोडलेला फुगा दाबतोय. आई दारात रडत होती, "बरी होती माझी पोर! काय केलंत तिचं?"

काय सांगणार? नॉर्मल रिपोर्टला घाबरले म्हणून? चुकले असेन तर?

नळीआधीच्या रक्ताचा रिपोर्ट आत्ता हातात आला. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला होता. चुकले नव्हते मी.

पण जुबेदाने अजून डोळे उघडलेले नाहीत. चुकले असते तर किती बरं झालं असतं.